वाचकांचे प्रश्न : युनिटचा मुक्काम आणि महासाथ
(जुलै 2021)

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची होती : कोरोनाच्या काळात बाहेरगावी चित्रीकरणाला गेलेल्या युनिटचा, म्हणजे कलाकार-कामगारांच्या चमूचा, मुक्काम. एप्रिल 2021 मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबल्यावर अनेक मालिका गोवा, सिल्वासा, हैदराबाद अशा ठिकाणी गेल्या. जूनपासून निर्बंध टप्प्याटप्प्याने शिथिल झाल्यामुळे काही परतल्या आणि बायो-बबलच्या, म्हणजे सर्वांनी बाहेरच्यांशी संपर्क न ठेवता एकत्रच राहण्याच्या, अटीवर काम करू लागल्या. मुक्कामाची व्यवस्था हे प्रॉडक्शनचे किरकोळ काम आहे, असे अजूनही अनेकांना वाटते. म्हणून या वेळी तीनही पत्रांना येथेच उत्तर देत आहे.

प्रश्न : आमच्या दैनंदिन मालिकेचे चित्रीकरण मुंबईहून कोल्हापूरजवळ हलवायचे ठरले आहे. सगळे मिळून 54 जण आहोत. कलाकारांसाठी हॉटेलात स्वतंत्र खोल्या आणि कामगारांसाठी जवळच्या मंगल कार्यालयाचा हॉल, असा आराखडा निर्मात्यांनी मान्य केला आहे. तो पुरेसा सुरक्षित आहे का?
— निर्मिती व्यवस्थापक, मुंबई

उत्तर : नाही. मंगल कार्यालयाचा हॉल हा या आराखड्यातला सर्वांत धोक्याचा भाग आहे आणि तो बदलल्याशिवाय बाकीच्या खर्चाचा फारसा उपयोग होणार नाही. कोरोनाचा विषाणू हवेतून पसरतो; जिथे माणसे तासन्‌तास एकच हवा श्वासात घेतात अशा बंद जागेत तो सर्वांत सहज पसरतो, आणि झोपलेला माणूस मास्क लावत नाही. लाइटमन, स्पॉटदादा, सेटिंगदादा अशी वीस माणसे एका हॉलमध्ये रात्रभर झोपली, तर एकाचा संसर्ग दोन-तीन रात्रींत अनेकांना होऊ शकतो. हीच माणसे दिवसभर कलाकारांच्या जवळ वावरतात. स्पॉटदादा चहा आणून देतात, ड्रेसदादा साडीची पिन लावतात, मेकअपदादांचा हात तर चेहऱ्यावरच असतो. नायिकेला स्वतंत्र खोली दिली म्हणजे ती सुरक्षित झाली, ही समजूत चुकीची आहे. तिच्या मेकअपदादांनी रात्र कुठे काढली, यावर तिची सुरक्षितता अधिक अवलंबून आहे.

हॉलच्या भाड्यात खोल्या मिळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही महासाथीत पर्यटक नसल्यामुळे लहान हॉटेले संपूर्ण इमारत माफक दरात देण्यास तयार होतात, आणि इमारत पूर्ण घेणेच योग्य आहे, कारण एकाच जिन्याने दुसरे पाहुणे ये-जा करू लागले की बबल हा शब्दच निरर्थक होतो. हॉटेलचे आचारी, सफाई कामगार आणि रात्रपाळीचा पहारेकरी यांनाही तितके दिवस आतच राहण्यास सांगा, त्यांचीही तपासणी करा आणि त्यांना जादा मोबदला द्या. एका खोलीत दोघांपेक्षा अधिक जण ठेवू नका. ते दोघे एकाच विभागातले, एकाच गाडीने सेटवर जाणारे आणि एकाच पंगतीला बसणारे असावेत. खोलीत एक, गाडीत दुसरा आणि जेवायला तिसरा असा संगतीचा गुंता झाला, तर एक रुग्ण सापडताच संपूर्ण युनिटला विलग करावे लागते. गट नेमके असतील तर चार-पाच जण बाजूला होतात आणि काम चालू राहू शकते.

खोली निवडताना गाद्या-पडद्यांपेक्षा खिडक्या पाहा. भिंतीवरचा एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवतो. म्हणून खिडकी उघडत नसलेली वातानुकूलित खोली साध्या हवेशीर खोलीपेक्षा वाईट, हे कलाकारांनाही समजावून सांगावे लागेल.

निघण्यापूर्वीची आरटी-पीसीआर चाचणी आवश्यक आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण पाच-सहा दिवस आणि क्वचित चौदा दिवसही लागतात. अगदी सुरुवातीला चाचणी नकारात्मकही येऊ शकते. पोहोचल्यावरचे पहिले काही दिवस सर्वांनी आपापल्या खोलीत काढावेत, पाचव्या ते सातव्या दिवशी पुन्हा चाचणी करावी आणि मगच एकत्र काम सुरू करावे. दारात ताप मोजणारी बंदूक लक्षणे नसलेल्या रुग्णाला पकडू शकत नाही. 54 जणांसाठी किमान चार-पाच खोल्या, स्वतंत्र संडास-बाथरूमसह, पहिल्या दिवसापासून रिकाम्या ठेवा. हा आकडा माझ्या अनुभवातून आलेला अंदाज आहे, पण खोल्या रिकाम्या ठेवण्याबाबत तडजोड करू नका, कारण गरज मध्यरात्री उभी राहते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर प्रत्येक गटाकडे असावे, आणि रक्तातील ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली जाताच कोणत्या रुग्णालयात न्यायचे व कोणत्या गाडीने, हे आधीच ठरलेले असावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रोजंदारीचा आहे. मी पूर्वी ज्या एका युनिटबरोबर होतो, तिथे आजारी पडलेल्या कामगाराची डेली, म्हणजे रोजची मजुरी, बंद होत असे. त्यामुळे एका लाइटमनने तीन दिवस ताप लपवला, आणि तो लपवल्याबद्दल मी त्याला कधीच दोष देऊ शकलो नाही, कारण घरी पैसे पाठवण्याचा त्याच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. विलगीकरणातल्या प्रत्येक दिवसाचे पूर्ण पैसे मिळतील, असे निघण्यापूर्वी लेखी द्या. हे दिले नाही तर चाचण्या, खोल्या आणि गट यांवर केलेला सारा खर्च व्यर्थ ठरेल, कारण पहिले लक्षण तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

युनिटमध्ये ज्येष्ठ कलाकार असतील तर त्यांचा विचार वेगळा करा. मे 2020 च्या अखेरीस चित्रीकरणाला सशर्त परवानगी मिळाली तेव्हा 65 वर्षांवरील व्यक्तींना सेटवर मनाई होती; ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. उपजीविकेच्या हक्काच्या दृष्टीने तो निर्णय मला योग्य वाटतो, मात्र त्यामुळे निर्मात्याची जबाबदारी वाढली. पुढच्याच महिन्यात, 22 सप्टेंबर 2020 रोजी, ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे साताऱ्यात कोरोनाने निधन झाले. त्या तिथे मालिकेच्या चित्रीकरणासाठी गेल्या होत्या आणि युनिटमधील इतर अनेकांनाही लागण झाली होती. ज्येष्ठांना तळमजल्यावर स्वतंत्र खोली, स्वतंत्र गाडी आणि जेवण खोलीतच, एवढी व्यवस्था झाल्याशिवाय त्यांना बोलावू नका.

प्रश्न : वाईजवळ आमचा दहा खोल्यांचा लॉज आहे. एक मालिका तो दीड महिन्यासाठी मागत आहे. माझे 78 वर्षांचे वडील तळमजल्यावर राहतात. उत्पन्नाची गरज आहे, पण गावातून विरोध होत आहे. काय करावे?
— लॉजमालक, सातारा जिल्हा

उत्तर : वडिलांची सोय दुसऱ्या घरी होत असेल तरच होकार द्या. स्वयंपाकघर आणि अंगण एकच असताना केवळ दार बंद ठेवून त्यांचे रक्षण होणार नाही, त्यांच्या लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या असल्या तरीसुद्धा.

गावाच्या विरोधाकडे अडवणूक म्हणून पाहू नका. मे 2021 च्या पहिल्या आठवड्यात गोवा मनोरंजन संस्थेने (चित्रीकरणाला परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने) चित्रीकरणाच्या परवानग्या रद्द केल्या, तेव्हा तिथल्या रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या, आणि बाहेरून आलेल्या युनिटविषयी लोकांना वाटणारी भीती रास्त होती. करार करण्यापूर्वी निर्मात्याच्या प्रतिनिधीला घेऊन ग्रामपंचायतीत जा. चाचण्यांचे अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्राला दाखवले जातील, कामगार बाजारात उतरणार नाहीत आणि भाजी-दूध फाटकाबाहेर उतरवून घेतले जाईल, हे तिथे सांगा आणि करारातही लिहून घ्या. स्थानिक मदतनीस घ्यायचे असतील तर त्यांनीही मुक्कामाला आतच राहावे; सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या मदतनिसामुळे गावालाही धोका असतो आणि युनिटलाही.

प्रश्न : मी हेअरड्रेसर आहे. आउटडोअरला आम्हा पाच जणींना एकच खोली दिली जाते. स्वतंत्र व्यवस्था मागितली तर काम जाईल अशी भीती वाटते. माझे मागणे अवाजवी आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुमचे मागणे अजिबात अवाजवी नाही. युनिटमध्ये स्त्रिया संख्येने कमी असतात, म्हणून हेअरड्रेसर, सहायक दिग्दर्शक, वेशभूषाकार अशा वेगवेगळ्या विभागांतल्या बायकांना एकाच खोलीत घातले जाते. त्यामुळे दिवसभर कटाक्षाने वेगळे ठेवलेले विभाग रात्री तुमच्या खोलीत एकत्र येतात आणि संसर्ग एका गटातून दुसऱ्यात जाण्याची वाट तयार होते. हा मुद्दा सोयीचा म्हणून मांडू नका, बबलच्या अटीचा म्हणून मांडा, आणि एकटीने न बोलता पाचही जणींच्या सह्यांनी निर्मिती व्यवस्थापकांना व संघटनेला निघण्याच्या आठ दिवस आधी लेखी कळवा. दोघींना एक खोली, आतून कडी, खोलीलाच जोडलेले बाथरूम आणि रात्रीच्या पॅकअपनंतर दारापर्यंत सोडणारी गाडी, या चार गोष्टी त्या पत्रात स्पष्ट लिहा. सेटवर पोहोचल्यावर मागितल्यास हॉटेल भरलेले असते आणि मग कोणाच्याच हातात काही उरत नाही.