घर बघायला संध्याकाळी जा

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 78, अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झाली, फोंड्याच्या घरात दिवेलागणीला "मला घरी पोचव" म्हणत त्या गेटपाशी जातात. गोव्यातच बार्देशात अशा आठ-नऊ वृद्धांना सांभाळणारं एक लहान निवासी घर तुम्ही सकाळी बघून आलात आणि आता आईंना तिथे ठेवायचं मन होत नाही. माझे बाबा अशाच एका घरात तीन वर्षं होते, त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी चार महिने. त्यावरून सांगते.

ठेवायला हरकत नाही, पण पुन्हा एकदा बघून या, संध्याकाळी पाच ते सातच्या मध्ये. दिवस कलला की या माणसांची घालमेल वाढते. त्या वेळी कोणी "घरी जायचंय" म्हणालं की तिथली बाई काय उत्तर देते, एवढंच नीट ऐका.

बाबांचं म्हापशात कापडाचं दुकान होतं. सात वाजले की ते उठायचे, "दुकान बंद करायचंय, चावी खंय?" पहिल्या ठिकाणी त्यांना रोज सांगत, "दुकान केव्हाच विकलं, बसा." ती बातमी त्यांना रोज नवी. मग चिडणं, आरडाओरडा, रात्रीची गोळी वाढवणं. एका पहाटे ते गुंगीत बाथरूमपाशी पडले, कपाळाला पाच टाके पडले. दुसऱ्या घरातल्या मावशींनी माझ्याकडून दुकानाचं जुनं कुलूप मागून घेतलं. सातला त्या ते बाबांच्या हातात देत. बाबा कपाटाला कुलूप लावायचे, दोनदा ओढून बघायचे, चावी सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि पेज जेवायला बसायचे. दोन महिन्यांत डॉक्टरांनी ती गोळी बंद केली.

गोळीचं मुद्दाम लिहिते. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या, अल्झायमर त्यातलाच) वृद्धांना शांत ठेवायला देतात त्या अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2005 मध्येच दिलाय. कधी कधी ती लागतातही, पण कोणी लिहून दिली, किती दिवसांसाठी, हे विचारायचंच. आणि दोन-चार दिवसांतच आई एकदम जास्त गोंधळल्या, तर लगेच डॉक्टरांना दाखवा, लघवीचीही तपासणी करा. बऱ्याचदा इन्फेक्शन निघतं.

आपल्याकडे अशी घरं पुष्कळदा जुन्या वास्तूत असतात. उंच उंबरठे, गुळगुळीत लाल जमीन, पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या. परसात विहीर असेल तर तिला जाळी आहे का, बघा. रात्री झोपलेलं नव्हे, जागं कोण असतं ते विचारा. सांभाळणाऱ्यांत निदान एकीला तरी कोंकणी यायलाच हवी. बाबा शेवटी शेवटी मराठीतही बोलेनासे झाले होते, तहान लागली की फक्त "उदक" म्हणायचे. अंथरुणाला खिळल्यावर ठेवतील की परत पाठवतील, हे लिहून घ्या.

पैशांचं आधी मार्गी लावा. माणसाची समज गेली की त्यांनी दिलेलं मुखत्यारपत्र आपल्या कायद्यात चालत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.

आईंना तिथे ठेवलं म्हणजे टाकलं, असं मनात आणू नका. तुम्ही रात्रभर जागताय, ते तुमच्या लिहिण्यातूनच दिसतं. गोव्यातच 'संगाथ' या संस्थेने डिमेन्शियाच्या माणसांना घरी सांभाळणाऱ्या 81 कुटुंबांबरोबर केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. घरी येऊन सांभाळणाऱ्यांना समजावणारी, धीर देणारी माणसं मिळाल्यावर त्यांच्या मनावरचा ताण कमी झाला होता. आईंना ठेवा किंवा ठेवू नका, अशी मदत तुम्हीही घ्या.

ठेवलंत तर पहिले काही दिवस रोज जा. घरची गोधडी, देवाची तसबीर, नेहमीचा पेला न्या. निघताना दारातून निरोप घेऊ नका. त्यांना पानावर बसवा, पहिला घास खाल्ला की मावशींना खूण करून निघा.