वाचकांचे प्रश्न : पहिलं विमान देखणं असावं की शहाणं?

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांबद्दल सोलापूर आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. ड्रोनचे प्रश्न बाजूला ठेवले. ड्रोन हवेत एका जागी उभा राहतो, विमानाला थांबता येत नाही, आणि निवडीचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : मुलाची बारावी झाली. त्याला पी-५१ मस्टँग या जुन्या लढाऊ विमानाचं ४०० मिमी पंखविस्ताराचं मॉडेल हवं आहे. दुकानदार म्हणतो, आत जायरो आहे, कोणीही उडवेल. आम्ही दोघांनीही आजवर फक्त पतंग उडवलाय. घ्यावं का? (जुळे सोलापूर)

घ्या, पण दुसरं म्हणून. पहिलं विमान पंख वर असलेलं घ्या: पायपर कब किंवा तसंच काही, पंखविस्तार ५०० ते ६०० मिमी, चार चॅनेल (म्हणजे रिमोटवरून मोटर आणि पंख-शेपटीच्या तीन झडपा वेगवेगळ्या हलतात), जायरोसहित. जायरो म्हणजे विमानाचा कल ओळखून ते सावरणारा सेन्सर.

दुकानदार खोटं बोलत नाही. नवशिक्याच्या मोडमध्ये जायरो विमानाला ठरावीक कोनापलीकडे कलू देत नाही आणि रिमोटची स्टिक सोडली की पंख सरळ करतो. पण तो विमानाला वेग देत नाही, वाऱ्याने वाहून जाणं थांबवत नाही, आणि विमान आपल्याकडे येतंय की आपल्यापासून लांब जातंय हेही सांगत नाही. नवशिक्यांची विमानं बहुतेक या तीन कारणांनीच पडतात.

मस्टँगचा पंख पोटाखाली असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. वेग कमी झाला की अशा पंखाचं टोक आधी उचल सोडतं आणि विमान एका कुशीवर पडतं. कबचा पंख वरच्या बाजूला, वजन खाली टांगलेलं, रुंदी जवळजवळ एकसारखी. वेग मोडला तरी तो आधी नाक खाली घालतो आणि सावरायला दोन सेकंद देतो. शिकणाऱ्याला तेवढेच हवे असतात.

आता आकडा. पेटीवर वजन आणि पंखविस्तार छापलेला असतो, पंखाची रुंदी पट्टीने मोजा. ५०० मिमी लांब आणि सरासरी ८५ मिमी रुंद पंखाचं क्षेत्रफळ ४.२५ चौरस डेसिमीटर. विमान बॅटरीसकट ७५ ग्रॅमचं असेल तर दर चौरस डेसिमीटरला साधारण १८ ग्रॅम भार पडतो. हा आकडा २० च्या आसपास असेल तर वेग ताशी २३-२५ किलोमीटरपर्यंत उतरला तरी विमान हवेत टिकतं. ६० असेल तर ४० किलोमीटरच्या खाली ते पडायला लागतं. त्या वेगाने आपल्याच अंगावर येणारी वस्तू पहिल्या दिवशी कुणालाच आवरत नाही. त्यात आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार. अशा दुपारी हवा प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटीवर, १५ अंशांना असते तिच्यापेक्षा) साधारण १३ टक्के विरळ असते. विमानाला तरंगायला सुमारे ७ टक्के जास्त वेग लागतो, आणि नेमका तेव्हाच प्रोपेलरचा जोर कमी पडतो.

आणखी एक गोष्ट पेटीवरच्या चित्रात कळत नाही: रंग. करडं-हिरवं लढाऊ विमान साठ-सत्तर मीटरवर नुसता ठिपका होतं, पोट कुठलं आणि पाठ कुठली ते समजत नाही. कब पिवळा असतो. त्याच्या पंखाखाली काळ्या टेपचे दोन जाड पट्टे मारा, आपल्याकडच्या धुळकट पांढऱ्या आभाळात ते उठून दिसतात.

प्रश्न : घर होटगी रोडला आहे. शेजारच्या मैदानात संध्याकाळी उडवलं तर चालेल ना? खेळणंच तर आहे. (होटगी रोड)

नाही चालणार. विमानतळ तुमच्याच रस्त्यावर आहे. ड्रोन नियम २०२१ रिमोटच्या विमानालाही लागू आहेत. नकाशावर हिरव्या दाखवलेल्या मोकळ्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फुटांपर्यंत, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय अजिबात नाही. वजन २५० ग्रॅमपर्यंत असेल तर विमान नॅनो गटात मोडतं आणि रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. क्षेत्राचा नियम मात्र वजनाने सुटत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा निघण्यापूर्वी त्याच दिवशी पाहा, कारण क्षेत्रं बदलतात.

म्हणजे शहरातली जवळपास सगळी मैदानं बाद. बाहेर पडून रिकामं रान शोधायचं, तेही मालकाला विचारून. बार्शी रोडने जाणार असाल तर नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास पेटीसुद्धा उघडू नका.

रान कमीत कमी १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद हवं, विजेच्या तारा एकाच बाजूला आणि पाठीमागे असाव्यात. ज्वारी निघालेलं रान दिसायला मोकळं दिसतं, पण धसकटं फोमच्या पोटात सुरीसारखी घुसतात. नांगरलेलं काळं रान त्याहून वाईट: एकेक ढेकूळ विमानाएवढं, आणि उन्हाळ्यात भेगा अशा की अख्खं चाक आत जातं. गवताळ माळ सगळ्यात बरा. तिथे चाकं काढून टाका आणि विमान हातातून सोडा. एवढ्याशा चाकांवर गवतातून ते धावणार नाहीच, उलट उतरताना चाकं अडकून प्रोपेलर जमिनीवर आपटेल. चाकांवरूनच उडवायची हौस असेल तर ताडपत्री ताणून अंथरा.

आणि संध्याकाळ नको, सकाळ. उजाडल्यापासून आठपर्यंत हवा शांत असते. नंतर काळी जमीन तापते आणि गरम हवेचे लोट उठायला लागतात. कडुलिंबाची पानं नुसती सळसळत असतील तर ७५ ग्रॅमचं विमान उडेल. बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ किलोमीटरच्या वर गेलाय, घरी जा.

प्रश्न : ५०० मिमीचा कब घेतला. पहिले दोन दिवस छान उडाला. आता हातातून सोडला की नाक वर करतो, क्षणभर थांबतो आणि डावीकडे कोसळतो. तीनदा झालं. मधे प्रोपेलर बदलला आणि ४०० ऐवजी ६०० एमएएचची बॅटरी घातली, एवढंच. (अक्कलकोट रोड)

‘एवढंच’ यातच सगळं आलं.

आधी बॅटरी. नवी बॅटरी पाच-सहा ग्रॅमने जड असते आणि नाकातल्या खाचेत मावत नाही म्हणून ती मागे सरकवून टेप लावली जाते. सहा ग्रॅम वाढीव वजन तोलबिंदूच्या (जिथे धरलं की विमान आडवं तोलून राहतं त्या जागेच्या) ४० मिमी मागे बसलं तर ८१ ग्रॅमच्या विमानाचा तोल तीन मिमी मागे जातो, आणि जुनं वजन मागे सरकलं त्याचा फरक वेगळाच. तीन मिमी ऐकायला काहीच नाही. पण या पंखावर तोलबिंदूची मुभाच मुळी पुढच्या कडेपासून २१ ते २६ मिमी, म्हणजे पाच मिमीची आहे. तोल मागे गेला की विमान नाक उचलतं, वेग गमावतं आणि कोसळतं. डावीकडेच का, तर मागून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि विमानाला उलट्या बाजूला, डावीकडे पिळतो. वेग असताना पंख तो पीळ सहन करतो, वेग मोडला की करत नाही.

तपासायचं असं. पंखाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून २४ मिमीवर दोन्हीकडे पेनाने ठिपका करा. बॅटरी बसवून विमान त्या दोन ठिपक्यांवर बोटांच्या टोकांनी उचला. सपाट राहिलं किंवा नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर जुनी ४०० चीच बॅटरी परत घाला. नाकात वजन भरून मोठी बॅटरी चालवायचा हट्ट करू नका, कारण आधीच वाढलेलं वजन आणखी वाढतं.

मग प्रोपेलर. छापलेली अक्षरं उडायच्या दिशेला, म्हणजे पुढे असायला हवीत. उलटा बसवला तरी तो फिरतो, आवाज करतो, हवाही मागे ढकलतो. फक्त जोर बराच कमी मिळतो, आणि ही चूक हातात धरून कळत नाही.

तिसरं, जायरो. बॅटरी जोडल्यावर विमान सपाट जागी ठेवून दिवा स्थिर होईपर्यंत हात लावायचा नाही. हातात धरून चालू केलं तर तो तिरक्या स्थितीलाच सरळ समजतो. नंतर मोटर बंद ठेवून विमानाचं नाक हाताने वर उचला: एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या झडपेची) कड खाली जायला हवी. उजवा पंख खाली झुकवा: उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची झडप) खाली गेला पाहिजे. उलटं झालं तर उडवू नका.

शेवटी सोडणं. थ्रॉटल (मोटरचा जोर) पाऊणवर, तोंड वाऱ्याकडे, आणि क्षितिजाच्या रेषेत सरळ ढकला, भाला फेकल्यासारखं वर नाही. नाक वर करून फेकलं तर तोल बरोबर असूनही हेच होईल.

प्रश्न : समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं आणि गोंधळ उडतो. काही युक्ती? (भवानी पेठ)

जो पंख खाली गेलाय, स्टिक त्याच बाजूला ढकला, जणू त्याला टेकू देताय. लांब जाताना ही युक्ती लागू नाही, फक्त समोरून येताना.

प्रश्न : बॅटरी दुसऱ्याच महिन्यात फुगली. कंपनीचा दोष की आमचा? (विजापूर रोड)

बहुधा उन्हाचा आणि सवयीचा. लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. मोटर बंद पडेपर्यंत उडवलं की तो फार खाली जातो आणि फुगतो. सहा मिनिटांचा गजर लावा, उतरल्यावर व्होल्टेज मोजा. ३.७ च्या खाली आलं तर पुढच्या वेळी मिनिटभर कमी उडवा. ४०० एमएएचची बॅटरी ०.४ अँपिअरने भरायची, मोबाइलच्या वेगवान चार्जरच्या मागे लागायचं नाही. उडवून आल्यावर बॅटरी गरम असते, ती हाताला गार लागेपर्यंत भरायला लावू नका. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा. पूर्ण भरून कपाटात ठेवलेली बॅटरी न उडवताच म्हातारी होते.

मे महिन्यात बंद मोटारीत बॅटरी ठेवायची नाही, विमानही नाही. फोम मऊ पडतो आणि पंख पिळतो. पिळलेला पंख गरम पाण्याने शेकून, सरळ धरून गार होऊ दिला तर बराचसा ताळ्यावर येतो. पोचेही तसेच भरतात. तुटलेला भाग जोडायला फेविक्विक वापरण्याआधी आतल्या बाजूला एक थेंब टाकून पाहा: ईपीओला, म्हणजे विमानांच्या चिवट फोमला, ते चालतं, थर्माकोलला खड्डा पाडतं. फुगलेली बॅटरी मात्र टोचू नका, दाबू नका, वापरू नका.

सुटे भाग विमानाबरोबरच घ्या, बजेटचा चौथा हिस्सा त्यासाठी ठेवा: तीन बॅटऱ्या, चार प्रोपेलर, एक जादा मोटर. छोट्या कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरी तापून झिजतात, दोन बॅटऱ्यांच्या मधे दहा मिनिटं मोटरला विसावा द्या. परदेशातून थेट मागवायचा मोह टाळा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि विमानाचं पार्सलही त्या नावाखाली कस्टममध्ये अडकू शकतं.

प्रश्न : सगळी मॉडेलं अमेरिकन, नाहीतर इंग्रज. आपलं एखादं विमान नाही का? (बाळीवेस)

आहे, पण तयार पेटीत शोधू नका. एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) या सरकारी विमान कंपनीचं पुष्पक १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे फ्लाइंग क्लबांत पुष्कळ वर्षं शिकवायला वापरलं गेलं. पंख वर, दोन जागा शेजारी-शेजारी, पंखविस्तार सुमारे ११ मीटर. म्हणजे ५०० मिमीचं मॉडेल साधारण एकास बावीस या प्रमाणात बसतं. एचएएलचंच शिकवायचं विमान एचटी-२ त्याहून जुनं, १९५१ चं, पण त्याचा पंख खाली आहे, तेव्हा ते नंतर.

सोपा मार्ग असा: पडून-झडून जुन्या झालेल्या कबची मोटर, सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रिसीव्हर काढून घ्या आणि ३ मिमी फोमशीटचा नवा सांगाडा बांधा. कबमध्ये माणसं एकामागे एक बसतात, पुष्पकात शेजारी, म्हणून धड त्याच प्रमाणात रुंद ठेवा, नाहीतर रंग दिल्यावरही तो कबच दिसेल. आणि रंग ब्रशने नको. दोन हात दिले की पाच-सात ग्रॅम चढतात, त्यातले निम्मे शेपटीकडे. रंगीत टेप लावा, तीही शेपटीवर एकच पट्टी.