उत्तर संपलं की गप्प बस

प्रिय,

तुझ्या पोरांनी रेडिओसाठी घेतलेल्या मुलाखतींच्या तिन्ही फायली दोनदा ऐकल्या. आवाज स्वच्छ आहे, पंख्याची घरघर नाही, नववीची पोरं अडखळत नाहीत. तरी काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही, असं तू लिहितेस. तुझी पोरं घाईत आहेत. म्हाताऱ्याचं वाक्य संपतं न संपतं तोच "आता पुढचा प्रश्न".

माइक कुठला घ्यावा, संहिता आधी की मुलाखत आधी, हे नंतर बघू. मोबाइल पुरतो. फ्लाइट मोडवर टाकायचा, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर, जरा तिरका धरायचा. निघताना त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्यायचा, जोडकामात लागतो. यापलीकडे तंत्रावर तास घालवू नकोस. उत्तर संपलं की गप्प बसायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं, एवढं शिकव. महिनाभर हेच शिकव.

पहिलं उत्तर म्हणजे पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशा. घरातला पितळी पेला त्यानंतर येतो, तोही आपण उठायची घाई केली नाही तर.

पाटण तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही कोयनेच्या भूकंपावर रूपक, म्हणजे मुलाखती आणि निवेदन जोडून केलेला रेडिओ कार्यक्रम, करत होतो. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं, हे पोरांना तोंडपाठ. एका मुलीनं आजीला विचारलं. आजी म्हणाली, "लई हाललं, घरं पडली, माणसं गेली." गावात सगळे हेच सांगत होते. मुलगी वहीत पुढचा प्रश्न शोधत राहिली, पान सापडेना. चुलीत लाकूड तडतडलं. मग आजी आपणहून म्हणाली, "मांडणीवरची भांडी आधी वाजली. मला वाटलं, मांजर शिरलं. म्हणून मी उठलेच नाही." आणि पुन्हा गप्प झाली. त्या न उठण्यात तिचं काय गेलं ते तिनं सांगितलं नाही, आणि मुलीनंही विचारलं नाही.

ती शांतता अकरा सेकंदांची होती. मी ती कापली. वर बासरी चढवली. बासरी! पण माझीही बाजू ऐक. आवाज थांबला की लोक रेडिओ बंद पडला समजतात, हे माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं घातलेलं. वेळ मोजून मिळालेला. आणि जुन्या कॅसेटी पुसून परत वापरल्याशिवाय भागत नव्हतं, म्हणून मूळ रेकॉर्डिंगही गेलं. तुला हे रडगाणं वाटेल. असू दे. रूपक शाळेत ऐकवलं तेव्हा ती मुलगी एवढंच म्हणाली, "सर, आजी इथं थांबली होती."

तुझ्या मुख्याध्यापकांना शेवटी संदेश हवाय. तो परिपाठाला द्या म्हणावं. आणि पोरं निवेदन करताना एकदम पुण्याची का होतात? रेडिओलहरी जनतेच्या मालकीच्या आहेत असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगितलं, 2006 पासून गावातल्या संस्थांनाही स्वतःचं रेडिओ केंद्र काढता येतं, आणि एवढं होऊन आपण त्यावर शहरातल्या निवेदकाची नक्कल ऐकवायची? मला याचा राग येतो, तुझ्यावर नाही.

एक राहिलंच. प्रसारणाआधी बोलणाऱ्याच्या घरी जाऊन सगळं ऐकवायचं. तो "हे काढा" म्हणाला तर काढायचं, भले तोच भाग सगळ्यात चांगला असो. यावर मी वाद घालणार नाही.

आता तुझी दुसरी फाईल. गुऱ्हाळाची. तुझा विद्यार्थी विचारतो, काहिलीतला पाक झाला हे कसं कळायचं? प्रश्न झकास आहे. गुळव्या म्हणतो, "वासावरनं. आता वास..." आणि आपले चिरंजीव तिथंच विचारतात, "तुमचं शिक्षण किती झालं?" मी कपाळावर हात मारला. आता वासाचं काय झालं त्या माणसाच्या? नाक गेलं, गुऱ्हाळ गेलं, की ऊसच पहिल्यासारखा राहिला नाही?

येत्या रविवारी त्याला परत पाठव. वही घरी ठेवून.

तुझा,
सर