चित्र दिसते, आवाज मात्र नाही

प्रश्न : माझ्या वडिलांनी २००७ ते २०१० या काळात हार्ड डिस्कवर चित्रण करणाऱ्या हँडीकॅमने घरातील कार्यक्रम टिपले होते. त्यांत आजीचे सहस्रचंद्रदर्शन आणि धाकट्या भावाची मुंज आहे. या एमपीजी फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये आवाजासह चालतात. परंतु संगणकावरील संपादनाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या की चित्र येते आणि आवाज नाहीसा होतो. दुकानदाराने वार्षिक वर्गणीचे एक महाग सॉफ्टवेअर सुचवले आहे. संगणकाला ८ जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : निम्मे निदान आपल्या पत्रातच झालेले आहे. व्हीएलसीमध्ये आवाज ऐकू येतो, याचा अर्थ तो फाइलमध्ये शाबूत आहे. आपल्या संपादन प्रोग्रॅमला तो वाचता येत नाही, एवढेच. त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना त्यात इफेक्ट किती आहेत आणि तयार शीर्षके किती आहेत, हे पाहण्याआधी आपल्या फाइलमधला आवाज त्याला उलगडतो का, हे पाहावे आणि तोपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये.

व्हीएलसीमध्ये फाइल चालू असताना ‘कंट्रोल’ आणि ‘जे’ ही बटणे एकत्र दाबली की एक चौकट उघडते व तिच्यात चित्राच्या आणि आवाजाच्या प्रवाहाची माहिती स्वतंत्रपणे दिसते. आवाजाच्या प्रवाहासमोर बहुधा ‘ए५२ ऑडिओ’ आणि त्याला जोडून ‘एसी३’ असे लिहिलेले आढळेल. ही दोन्ही नावे डॉल्बी डिजिटल या ध्वनिप्रकाराची आहेत. त्या काळातील हार्ड डिस्कवाले बरेच हँडीकॅम चित्र एमपेग-२ पद्धतीने आणि आवाज याच प्रकारात साठवत असत; डीव्हीडीवरही तो सर्रास असतो आणि २००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या एमटीएस फाइलींमध्येही बहुतेक वेळा हाच असतो. तो उलगडणारा कोडेक आपल्या प्रोग्रॅममध्ये देण्यासाठी कंपन्यांना डॉल्बीकडून परवाना घ्यावा लागे, त्यामुळे स्वस्त आणि फुकट प्रोग्रॅमांतून तो वगळला जाई. असा प्रोग्रॅम चित्र मुकाट्याने उचलतो, आवाज तितक्याच मुकाट्याने सोडून देतो आणि तसे सांगतही नाही, ही त्यातली खरी चीड आणणारी गोष्ट.

आपल्या कामासाठी मी प्रथम शॉटकट सुचवेन. हा प्रोग्रॅम विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि फाइल वाचण्यासाठी एफएफएमपेग हा चित्र-आवाज उलगडणारा तयार संच वापरत असल्याने एसी३ आवाज वेगळे काही न बसवता उलगडतो. आपल्या संगणकाला तो झेपेल, कारण जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीचे ७२० बाय ५७६ पिक्सेल एवढेच चित्र हाताळायचे आहे. फाइल उघडल्यावर ‘प्रॉपर्टीज’मधील ऑडिओ विभाग पाहावा, तेथे ध्वनिपट्टीचा क्रमांक आणि कोडेकचे नाव दिसले, तर काम झाले. काही फाइलींत एकाहून अधिक ध्वनिपट्ट्या असतात आणि प्रोग्रॅम रिकामी पट्टी धरून बसतो. अशा वेळी तेथेच दुसरी पट्टी निवडता येते. तयार चित्रफीत निर्यात करताना स्कॅन मोड ‘प्रोग्रेसिव्ह’ ठेवावा. अन्यथा मुंजीत अक्षता टाकणाऱ्या हातांभोवती संगणकाच्या पडद्यावर आडव्या दातेरी रेघा दिसतील.

केडेनलाइव्ह हा त्याच कुळातला दुसरा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. एकाच वेळी अनेक पट्ट्यांवर काम करण्याची सवय असेल तर तो अधिक सोयीचा वाटेल. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला शॉटकट सोपा जातो, असे माझे मत आहे. डा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती रंगकामासाठी उत्तम आहे यात शंका नाही, पण ८ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डाशिवायचा संगणक तिच्यापुढे धापा टाकेल, शिवाय लिनक्सवर ती एएसी प्रकारचा आवाजही वाचत नाही. विंडोज मूव्ही मेकरच्या शोधात मात्र जाऊ नये. मायक्रोसॉफ्टने तो १० जानेवारी २०१७ रोजी बंद केला असून आज त्या नावाने जे काही डाउनलोडसाठी पुढे येते, त्याकडे संशयानेच पाहावे.

दुकानदाराने सुचवलेले सॉफ्टवेअर वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याची चाचणी आवृत्ती मिळत असेल तर आपली एक फाइल त्यात घालून आवाजाची लहर उमटते का ते पाहावे आणि मगच ठरवावे. वर्षातून चार घरगुती चित्रफिती जोडण्यासाठी दर वर्षी वर्गणी भरणे मला तरी पटत नाही.

हाताला बसलेला जुना प्रोग्रॅम सोडायचा नसेल तर फक्त आवाज बदलून घेण्याचाही मार्ग आहे. अ‍ॅव्हिडेमक्स या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये चित्रासाठी ‘कॉपी’ आणि आवाजासाठी एएसी निवडून, एमकेव्ही प्रकारात नवी फाइल करता येते. यात चित्राला हात लागत नाही, म्हणून त्याचा दर्जा घटत नाही आणि वेळही थोडाच लागतो. मात्र आपला प्रोग्रॅम एमकेव्ही फाइल घेतो का, हे एका लहान फाइलवर आधी पाहून घ्यावे. फाइलच्या नावाचे शेपूट एमपीजीऐवजी एमपी४ असे केल्याने आतला आवाज बदलत नाही, आणि घरचे चित्रण कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर रूपांतरासाठी चढवू नये. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्याखेरीज यांपैकी कशालाही सुरुवात करू नये.

प्रश्न : आमच्या १९९४ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट यूएसबी कॅप्चर यंत्राने संगणकावर घेतली. चित्र ठीक आले, आवाज अजिबात नाही. आवाज परत आणणारे सॉफ्टवेअर आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. जो आवाज फाइलमध्ये उतरलेलाच नाही, तो कोणत्याही सॉफ्टवेअरला आणता येणार नाही. परंतु कॅसेट हाती असेपर्यंत काळजीचे कारण नाही. व्हीसीआरच्या तीन वायरींपैकी पिवळी फक्त चित्राची असते. पांढरी आणि लाल या आवाजाच्या. व्हीसीआर मोनो असेल तर आवाज एकाच वायरीतून येतो आणि ती पांढऱ्या खोबणीत जायला हवी. वायरी बरोबर असतील तर विंडोजच्या गोपनीयतेच्या सेटिंगकडे वळावे, कारण विंडोज अशा यंत्रातून येणाऱ्या आवाजाला मायक्रोफोन समजते आणि मायक्रोफोनची परवानगी बंद असेल तर चित्र येत राहते पण आवाज अडतो. ही गोष्ट कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. कॅप्चरसाठी ओबीएस स्टुडिओ हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरल्यास यंत्राचा आवाज स्वतंत्र स्रोत म्हणून निवडता येतो आणि आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी हलते आहे की नाही, हे ध्वनिमुद्रण चालू असतानाच दिसते. दोन मिनिटांचा नमुना घेऊन ऐकावा आणि मगच तीन तासांची कॅसेट लावावी. आवाज एकाच कानात आला तर शॉटकटमधील ‘कॉपी चॅनेल’ फिल्टरने तो दोन्हीकडे नेता येतो.

हाय-फाय व्हीसीआर असेल तर आणखी एक उपाय आहे. अशा कॅसेटवर आवाज दोन ठिकाणी असतो, एक चित्राबरोबर फिरत्या हेडने लिहिलेला आणि दुसरा फितीच्या कडेला सरळ पट्टीत. पहिला तुटत असेल तर व्हीसीआरवर ‘नॉर्मल’ किंवा ‘मोनो’ निवडून दुसरा मिळवता येतो. तो थोडा घोगरा असतो, पण मंगलाष्टके ऐकू येतील. अर्थात, त्या काळी अनेक स्टुडिओ मूळ आवाज पुसून त्यावर चित्रपटातील गाणी घालत असत. तसे झाले असेल तर व्हीसीआर थेट टीव्हीला जोडून पाहिल्यावर सनईऐवजी गाणीच ऐकू येतील, आणि मग मंगलाष्टकांसाठी स्टुडिओकडे मूळ, न कापलेली कॅसेट उरली आहे का, एवढेच विचारणे बाकी राहते.

प्रश्न : आजोबांच्या सुपर ८ फिल्मचे डिजिटल रूपांतर करून घेतले. माणसे धावल्यासारखी चालतात आणि आवाज नाही. दोष रूपांतराचा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वेगाचा दोष आहे, आवाजाचा बहुधा नाही. १९६५ मध्ये आलेली सुपर ८ फिल्म मूळची मूकच होती आणि ती सेकंदाला १८ चौकटींनी (फ्रेम) चित्रित होत असे. तीच चौकटीगणिक २५ च्या वेगाने बसवली की माणसे पळू लागतात. शॉटकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये वेग ०.७२ पट केला की चाल पूर्ववत होईल. आवाजाची सुपर ८ फिल्म १९७३ पासून मिळू लागली आणि तिच्या कडेला तपकिरी रंगाची चुंबकीय पट्टी असते. मूळ रीळ उजेडात धरून ती पट्टी आहे का, ते पाहावे. पट्टी असेल तर चुंबकीय ध्वनी वाचणारे यंत्र ज्यांच्याकडे आहे अशांकडून रूपांतर पुन्हा करून घ्यावे, मात्र आवाजाच्या फिल्मसाठी १८ आणि २४ असे दोन्ही वेग वापरात असल्याने योग्य वेग त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावा. पट्टी नसेल तर घरातील ज्येष्ठांना चित्र दाखवत त्यांचे निवेदन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि शॉटकटमध्ये वेगळ्या ध्वनिपट्टीवर बसवावे. मात्र वेग आधी दुरुस्त करावा, नाहीतर निवेदन आणि चित्र यांचा मेळ बसणार नाही.