हिरव्या भिंतीसमोर हात चुकतो

प्रश्न : हवामान निवेदक व्हायचं आहे. घरी आरशासमोर सराव करते, पण स्टुडिओतल्या चाचणीत हात भलतीकडेच गेला. काय चुकतंय?

उत्तर : मागे फक्त कोरी हिरवी भिंत असते. हिरव्या रंगाच्या जागी संगणक नकाशा भरतो, आणि तो तुम्हाला दिसतो बाजूच्या मॉनिटरवर. तिथलं चित्र बहुधा आरशासारखं उलटं नसतं, त्यामुळे आरशाची सवय हात चुकवते. घरी मोबाइलवर चित्रण करा, तेही आरशासारखं न उलटवता. नकाशाकडचाच हात वापरा. दुसरा आडवा आणलात की पाठ कॅमेऱ्याकडे वळते. हिरवा कपडा नको, अंगावर नकाशा उमटतो.

रेडिओवर अंदाज सांगायची वेळ आली, तर आधी प्रदेशाचं नाव, मग पाऊस-तापमान. नाव ऐकल्यावरच श्रोता कान देतो. हवामानशास्त्र मात्र मनापासून शिका. ऐनवेळी अंदाज बदलला की पाठांतर कामाला येत नाही.