शड्डू आणि पिस्तूल

"सरावात उत्तम खेळते, स्पर्धेत काय होते कोण जाणे," हे वाक्य खेळाडूंच्या मनावर काम करताना मी इतक्या पालकांकडून ऐकले आहे की हल्ली ते खुर्चीत बसण्याआधीच मला ऐकू येऊ लागते. त्यापाठोपाठची मागणीही ठरलेली असते: "मॅडम, तिची भीती तेवढी घालवा." भीती समूळ घालवणे माझ्या हातात नाही, आणि ती तशी गेली तर खेळ सुधारेलच असेही नाही. हे प्रत्येक घराला नव्याने समजावावे लागते, म्हणून त्यातल्या एका घराची हकिगत इथे लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून माझ्याकडे कोल्हापूर भागातले नेमबाज अधिक येतात. ही मुलगी त्यांतलीच, १७ वर्षांची, १० मीटर एअर पिस्तूल खेळणारी. वडील एके काळचे नावाजलेले पैलवान. सरावात ६०० पैकी ५६५ च्या आसपास गुण मिळवणारी ही मुलगी लागोपाठ तीन स्पर्धांत ५४५ च्या वर गेली नव्हती.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मी सकाळपासून स्वतःला बजावते, शांत राहायचं. पण लाइनवर उभी राहिले की छातीत धडधडायला लागतं, आणि मग वाटतं, संपलं आता."

"धडधडलं म्हणजे संपलं, हे कोणी सांगितलं?"

"नेमबाजानं शांतच असायला हवं ना?"

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा पिंड पोसला आहे, त्यामुळे माझा कान अशा 'च'वर लगेच अडकतो. मराठीत हे एक अक्षर मोठे काम करते. 'शांत असावे' ही इच्छा आहे, तर 'शांतच असायला हवे' हा हुकूम आहे, आणि हुकूम मोडला गेला की शिक्षा ठरलेली असते. या मुलीचे हृदय जोराने धडधडे, ते धडधडणे तिला गुन्हा वाटे, त्या गुन्ह्याच्या धास्तीने धडधड आणखी वाढे, आणि दहा-दहा नेमांच्या दुसऱ्या मालिकेपर्यंत तिची सगळी शक्ती पिस्तुलाऐवजी स्वतःच्या छातीवर पहारा ठेवण्यात खर्च होई.

मी तिला एक साधे काम दिले. सरावाच्या प्रत्येक मालिकेआधी, अंग किती 'तापले' आहे याला शून्य ते दहापैकी एक आकडा द्यायचा आणि मालिका संपल्यावर त्यापुढे गुण लिहायचे. सहा आठवड्यांनी ती वही घेऊन आली, तेव्हा पान उलटण्याआधीच तिचा चेहरा गोंधळलेला होता. ज्या दिवशी आकडा एक किंवा दोन होता, त्या दिवशी तिचे छर्रे आळसावल्यासारखे इकडेतिकडे गेले होते. आठच्या पुढे सगळेच कोसळले होते. सर्वोत्तम मालिका चार आणि पाचच्या आसपास होत्या, आणि त्यांतली सर्वांत चांगली मालिका बस चुकल्यामुळे धावतपळत पोहोचल्याच्या दिवशीची होती.

"म्हणजे थोडी धडधड मला लागतेच?" तिने विचारले. या वेळचा 'च' मी मुद्दाम तसाच राहू दिला.

पण सरावात चारवर असणारी ही मुलगी स्पर्धेत नऊवर कशी जाते? त्याचे उत्तर वडिलांकडे होते. स्पर्धेच्या दिवशी ते तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवत, पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "फोड आज! पेटून ऊठ!" हेतू निर्मळ होता, तालमीत ते हेच पाहत आले होते. परंतु शड्डू ठोकून आखाड्यात उतरणाऱ्याला समोरच्याचे सगळे अंग हलवायचे असते, तर पिस्तूलवाल्याला स्वतःचे एक बोट सोडून काहीही हलवायचे नसते. ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅम दाब, १० मीटरवर जेमतेम साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे दहाचे वर्तुळ, आणि ७५ मिनिटांत असे ६० वेळा. अंग मर्यादेबाहेर तापले की स्नायू आखडतात, लक्ष पिस्तुलाच्या पुढच्या साइटवरून, म्हणजे नेम धरायच्या खुणेवरून, उडून गुणांच्या पडद्याकडे जाते आणि ट्रिगर दाबला जाण्याऐवजी झटकला जातो.

हे सारे मी वडिलांना सांगू शकले असते, आणि त्यांनी मान डोलावून पुढच्या स्पर्धेत पुन्हा खांदे हलवले असते. म्हणून मी फक्त विचारले, "तुमचे वस्ताद कुस्तीआधी तुम्हाला काय सांगायचे?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला? काहीच नाही. मला बाजूला बसवायचे. म्हणायचे, हा मुळातच तापट आहे, ह्याला कोणी हात लावू नका. माझ्या जोडीदाराला मात्र दोन थपडा देऊन आत सोडायचे. तो थंड होता." एवढे बोलून ते थांबले आणि मुलीकडे पाहत हळूच म्हणाले, "ही माझ्यावर गेलीय की."

माझ्या वीसेक वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले आहेत. युरी हानिन या रशियन मानसशास्त्रज्ञाने जे मांडले, की प्रत्येक खेळाडूचा सर्वोत्तम कामगिरीचा पट्टा वेगळा असतो आणि तो कुणाचा वर, कुणाचा खाली असू शकतो, ते त्या वस्तादांना अनुभवाने ठाऊक होते. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतही अवघड काम विजेच्या मध्यम झटक्यांत लवकर शिकले गेले आणि सोप्या कामाला तीव्र झटकेही चालले. प्रयोग शिकण्याचे होते, खेळाचे नव्हते. तरीही खेळ जितका नाजूक तितका ताप कमी लागतो, हे स्थूलमानाने खरे आहे. मात्र 'कमी' म्हणजे शून्य नव्हे, आणि एकाच खेळातल्या दोघांचे 'कमी' सारखे नसते.

तेव्हा पालकांनी "घाबरलीस का?" असे विचारण्याऐवजी "आज कितीवर आहेस?" असे विचारावे. आकडा जास्त असेल तर पिस्तूल खाली ठेवून श्वास आत घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावून बाहेर सोडावा, असे चार-पाच वेळा. कमी असेल तर दोरीवरच्या उड्या माराव्यात. ही सवय सरावात लावावी लागते, स्पर्धेच्या सकाळी ती उसनी मिळत नाही. काही जण मला औषधाच्या गोळीबद्दल विचारतात. हृदयाची गती उतरवणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधे नेमबाजीत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही प्रतिबंधित आहेत, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढच्या स्पर्धेत तिने ५५९ गुण मिळवले. पदक नाही मिळाले. चौथ्या मालिकेआधी वहीत नोंद होती: "सात. खाली ठेवलं. पाणी. पाच. मारलं." वडील त्या वेळी बाहेर पायरीवर तिची बॅग मांडीवर घेऊन बसले होते.

गेल्या महिन्यात ते पुन्हा आले, तालमीतल्या एका पोराला घेऊन. म्हणाले, "मॅडम, ह्याला थपडा द्यायच्या की गप्प बसवायचं, तेवढं बघा जरा." मी त्या मुलाच्या हातात कोरी वही दिली.