माउंट व्हर्ननचे घर दगडी की लाकडी?

जॉर्ज वॉशिंग्टन यांचे व्हर्जिनियातील घर दगडी आहे की लाकडी, आणि ते मुळात साधे शेतघर होते हे खरे का, असे आपण विचारले आहे. घर लाकडीच आहे. पाइनच्या लांब फळ्यांवर चिऱ्यांच्या सांध्यांसारख्या खाचा पाडून त्या रंगवल्या आणि रंग ओला असतानाच त्यावर वाळू उडवली, त्यामुळे हिरवळीवरून पाहणाऱ्याला ती घडीव दगडाची भिंत वाटते. मीही फसलो होतो. अगदी जवळ गेल्यावर रंगात रुतलेले वाळूचे कण दिसले, तेव्हा उलगडा झाला.

वडील ऑगस्टिन यांनी 1734 मध्ये बांधलेले मूळ घर म्हणजे तळमजला आणि वर पोटमाळा, एवढेच होते. जॉर्ज यांनी 1754 मध्ये ते भाडेपट्ट्याने घेतले, 1758 मध्ये मजला चढवला आणि 1774 पासून दोन्ही टोकांना बांधकाम वाढवले. जुने घर मात्र पाडले नाही. ते पोटात घेऊनच वास्तू वाढली, म्हणून पश्चिमेच्या दर्शनी बाजूला छपरावरच्या घुमटीच्या बरोबर खाली असायला हवे ते मुख्य दार थोडे बाजूला सरकलेले आहे आणि खिडक्यांमधील अंतरेही सारखी नाहीत. प्रमाणबद्धतेच्या आग्रही जाणकारांना हे खटकते; मला तर जुन्या घराचा माग त्यावरूनच लागला.

पूर्वेला, पोटोमॅक नदीच्या अंगाला, दोन मजले उंचीच्या आठ चौकोनी खांबांची ऐसपैस ओसरी आहे. स्वयंपाकघर आगीच्या आणि उष्म्याच्या भीतीने वेगळ्या इमारतीत ठेवून कमानींच्या छपरी वाटेने घराशी जोडले आहे.

हा सारा डौल आधी तंबाखूवर आणि पुढे गव्हावर, म्हणजे गुलामांच्या श्रमांवर उभा होता. 1799 च्या नोंदीत तेथे 317 गुलाम आहेत. त्यांपैकी 123 वॉशिंग्टन यांच्या मालकीचे होते आणि मृत्युपत्रातील मुक्तीची तरतूद त्यांच्यापुरतीच होती. पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मिळकतीतून आलेल्यांना ती लागू झाली नाही.

पुढे वारसांना हा पसारा झेपेना. 1858 मध्ये ॲन पामेला कनिंगहॅम यांच्या महिला संस्थेने 2 लाख डॉलरला खरेदीचा करार केला, तेव्हा त्या ओसरीचे छत जहाजांच्या जुन्या डोलकाठ्यांचे टेकू देऊन कसेबसे सावरलेले होते.